अरादचा घाट



आपल्या अंकात प्रवासवर्णनं येतात ती बहुतेक लांबची असतात. कुणी नवगावला जाऊन पूर्वजांचं स्मारक पाहून येतं, कुणी कोचीनला, कुणी मुलाकडे कॅनडात. माझा प्रवास तास-दीड तासाचाच आहे. बेरशेवाहून अराद आणि अरादहून खाली मृत समुद्र. आपल्यातले बरेच जण तिथे गुडघ्यांसाठी नाहीतर कातडीच्या दुखण्यासाठी जातात, पण बसने जातात आणि बसमध्ये झोपतात. मी गेली चाळीसहून जास्त वर्षं तो रस्ता स्वतः गाडी चालवून उतरते आहे, आणि आता हे काम माझ्या हातून जायची वेळ आली आहे. म्हणून लिहिते.

बेरशेवातून निघून पुढे ३१ नंबरचा कविश धरायचा, अरादपर्यंत एकूण साधारण ४५ किलोमीटर. त्यात सांगण्यासारखं फार नाही. दोन्ही बाजूंना बेदुईन वस्त्या, पत्र्याची घरं, मेंढ्या, आणि उंटांपासून सावध राहा अशी पाटी. ती पाटी शोभेची नाही. रात्री उंट रस्त्यावर येतो तेव्हा दिव्याच्या उजेडात त्याचे फक्त पाय दिसतात, आणि गाडी पायांना धडकली की धड काचेवर येतं. आमच्या अपघात विभागात अशी माणसं आलेली मी पाहिली आहेत.

अराद १९६२ साली वसवलेलं गाव. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, हवा कोरडी, दम्याच्या माणसांना मानवणारी. गाव संपलं की थोडा वेळ रस्ता सरळ जातो, माणसाला वाटतं हे असंच पठार चालू राहणार. आणि मग जमीन संपते. समोर नुसती पिवळी-करडी दरी, पलीकडे जॉर्डनमधले मवाबचे डोंगर, आणि मध्ये खाली निळ्या काचेचा तुकडा ठेवल्यासारखा मृत समुद्र. तिथून झोहर चौकापर्यंत साधारण २५ किलोमीटर. तेवढ्यात रस्ता जवळजवळ हजार मीटर खाली उतरतो. आपला बोर घाट खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास चढतो, म्हणजे हा त्याच्या दुप्पट धरा. वाटेत एका ठिकाणी समुद्रसपाटीची पाटी आहे. लोक तिथे थांबून फोटो काढतात. मला त्या पाटीचं नेहमी हसू येतं, कारण रस्ता तिथून पुढेही खालीच जात राहतो. कानांत दडे बसतात. गोळी चघळावी किंवा जांभई द्यावी.

घाट मला नवीन नव्हता. आमचं गाव अलिबाग तालुक्यातलं. लहानपणी पुण्याला मावशीकडे जायचं म्हणजे एस.टी.ने बोर घाट चढायचा. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर गाडी हळू करून नाणं टाकायचा. ज्या धनगराने साहेबाला घाटातली वाट दाखवली त्याचं ते देऊळ, असं वडील सांगायचे. आम्हा भावंडांना नाण्यापेक्षा उलटीची काळजी जास्त. पण तेव्हा एक गोष्ट पाहिलेली आठवते. एस.टी.चा ड्रायव्हर वळण यायच्या आधी गिअर बदलायचा, वळणात कधीच नाही. त्याचं कारण मला पुढे वीस वर्षांनी कळलं, तेही लग्नाच्या नवऱ्याकडून.

मी अकरावी मॅट्रिक होऊन १९७० साली आईवडिलांबरोबर इथे आले. नर्सिंग इथे शिकले. लग्न झालं ते गॅरेजात काम करणाऱ्या मेकॅनिकशी. हे मूळचे पेणचे. आमची पहिली गाडी जुनी सुसिता, फायबरग्लासच्या अंगाची. उंट ती खातात असा विनोद अख्ख्या देशात होता. तिची मागची चाकं गाडी ढकलायची, आपल्याकडच्या फियाट आणि अँबॅसडरसारखीच. मग आम्ही सुबारू घेतली. त्या काळी अरब बहिष्कारामुळे बाकीच्या जपानी कंपन्या इथे येत नव्हत्या, म्हणून ज्याच्या त्याच्या दारात सुबारू. ही गाडी पुढची चाकं ओढायची. हे घरी घेऊन आले तेव्हा मला म्हणाले, "अगं, आता चालवायची पद्धत बदलायला हवी." मी म्हटलं, "अहो, चाकं चारच आहेत ना?"

हे माझं चुकलं होतं, ते १९९० च्या सुमारास कळलं. नोव्हेंबर महिना, पहिला पाऊस. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून आम्ही तिघं एन बोकेकला निघालो. गाडी मी चालवत होते. वाळवंटातला पहिला पाऊस म्हणजे रस्ता धुणारा पाऊस नव्हे. सहा-सात महिन्यांची धूळ, टायरचं रबर, ट्रकमधून गळलेलं तेल, सगळं ओलं होऊन साबण होतो. मला ते ऐकून माहीत होतं, पण सकाळी रस्ता नुसता काळा दिसत होता आणि आम्हाला उशीर झाला होता. समुद्रसपाटीच्या पाटीनंतर एका डाव्या वळणात मी जरा जास्तच वेगात शिरले. चाक फिरवलं. गाडी फिरली नाही. नाक सरळ कठड्याकडे. मी आणखी चाक फिरवलं, आणखी फिरवलं. स्टिअरिंग हाताला एकदम हलकं लागलं, जसं सुटलेल्या नळाची तोटी फिरते तसं.

हे ओरडले नाहीत. मंद आवाजात म्हणाले, "गॅस हळू सोड. ब्रेक नको. चाक थोडं सरळ कर."

सरळ? कठड्याकडे? पण मी केलं. टायरांनी पुन्हा रस्ता धरल्याचं हाताला कळलं, मग गाडी वळली, आणि उजवीकडचा आरसा कठड्याच्या खांबाला लागून फुटला. तेवढ्यावर निभावलं. मागून सासूबाईंनी विचारलं, "कुठं न्यायला निघालीस गो मला? दर्यात का वर?"

पुढच्या मोकळ्या जागेत थांबलो. मला वाटलं आता हे चालवायला घेतील. त्यांनी पाणी प्यायला दिलं आणि म्हणाले, "चल, खालपर्यंत तूच ने. आज नाही नेलीस तर कधीच नेणार नाहीस."

त्या संध्याकाळी हॉटेलच्या ओट्यावर बसून त्यांनी मला जे समजावलं ते मी नर्सच्या भाषेत सांगते. टायरची पकड म्हणजे रात्रपाळीची एकटी नर्स. तिची ताकद ठरलेली. ज्या गाडीत मागची चाकं ढकलतात तिथे काम वाटलेलं असतं, मागच्यांनी ढकलायचं, पुढच्यांनी वळवायचं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत दोन्ही कामं पुढच्याच जोडीवर. वर इंजिनाचं ओझं, म्हणजे गाडीचं निम्म्याहून जास्त वजन, तेही तिथेच. त्यातून ब्रेकचंही बरंचसं काम पुढचीच चाकं करतात. म्हणून वळणात गॅस द्या, किंवा वळणात ब्रेक दाबा, किंवा चाक आणखी पिळा, प्रत्येक वेळी तुम्ही त्या एकट्या बाईला आणखी एक पेशंट देता. ती हात टेकते. गाडीचं नाक बाहेरच्या अंगाला सरळ निघून जातं. उपाय काम वाढवण्याचा नाही, कमी करण्याचा. गॅस हळू कमी केला की वेग उतरतो आणि वजन पुढच्या चाकांवर येतं. स्टिअरिंग जरा सैल केलं की टायर पुन्हा धरतो.

हळू, हा शब्द मात्र महत्त्वाचा. घाबरून गॅसवरून पाय एकदम उचलला, किंवा वळणात जोरात ब्रेक मारला, तर सगळं वजन पुढे पडतं आणि मागचं अंग हलकं होऊन बाहेर फिरतं. उतारावर तर मागची चाकं आधीच हलकी असतात. नाक घसरलं तर निदान समोर काय येतंय ते दिसतं. शेपूट घसरली की माणूस गोल फिरतो, आणि ते सावरणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

मग मला इस्पितळातली वाक्यं आठवली. शुद्धीवर असलेला ड्रायव्हर आला की तो हमखास म्हणायचा, "मी वळवली हो सिस्टर, पण गाडी वळलीच नाही." डॉक्टर तिकडे लक्ष देत नसत, त्यांना मोडलेली हाडं बघायची. मीसुद्धा मान डोलवून सलाईन लावायची. किती जणांनी हे सांगितलं असेल, आणि मला त्यात काही अर्थ आहे असं वाटलं नव्हतं. चालवणाऱ्याने वळवली, हे खरं होतं. गाडी वळली नाही, हेही खरं होतं. चूक त्याच्या आधी झालेली होती, वळणात शिरताना.

तेव्हापासून माझा नेम ठरला. वळण दिसलं की सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेक, सरळ रस्त्यावरच खालचा गिअर, आणि शिरल्यावर ब्रेकवरून पाय उचललेला. वळणात गॅस अगदी थोडा आणि एकसारखा. वळण उलगडायला लागलं, स्टिअरिंग सरळ होऊ लागलं, की मग द्या गॅस. बोर घाटातला तो एस.टी.वाला हेच करत होता. गाडी कुठलीही असो, हे बदलत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत चुकीची शिक्षा कशी मिळते एवढंच बदलतं.

ही विद्या मी एकदा आपल्या देशातही वापरायला गेले आणि फजिती झाली. १९८३ साली मारुती ८०० आली, तीही पुढची चाकं ओढणारी. काही वर्षांनी आम्ही भारतात गेलो तेव्हा भाचा मोठ्या हौसेने मला त्याच्या मारुतीतून पुण्याहून पनवेलला आणत होता. खंडाळ्याला उतार लागला तसा त्याने गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून दिली. मी म्हटलं, "अरे, हे काय करतोस?" तर म्हणे, "आत्या, पेट्रोल वाचतं." मी त्याला इंजिनाचा ब्रेक समजावू लागले, की खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ते तापतात, वास येतो आणि मग ऐन वेळी पायाखाली काही लागत नाही. तो म्हणाला, "आत्या, तू इस्पितळात बघून बघून घाबरट झालीस." खोपोलीला चहा प्यायला थांबलो तेव्हा चाकांतून करपल्यासारखा वास येत होता. तो काही बोलला नाही. मीही नाही, पण बटाटेवड्याचे पैसे त्याला देऊ दिले.

आता आजच्या गोष्टीकडे येते. हे जाऊन नऊ वर्षं झाली. मी पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर आहे. डोळ्यांची तपासणी होते, डॉक्टर सही करतात, पण रात्रीची गाडी मी स्वतःहून बंद केली. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, "आई, आता तो मृत समुद्राचा रस्ता पुरे." मला राग आला. मग विचार केला. मान पूर्वीसारखी वळत नाही, आणि वळणात नजर पुढे टाकायची तर मान वळायलाच हवी. हे नाकारण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "सोडते, पण आधी तुझ्या मुलीला तो घाट उतरवून दाखवते."

नातीला नुकताच परवाना मिळाला होता. इथे नव्या चालकाच्या शेजारी सुरुवातीचे महिने जुना परवानेधारक बसावा लागतो, मेलावे म्हणतात त्याला. आईबापांना वेळ नव्हता, मला होता. तिची गाडी छोटी कोरियन, आपोआप गिअर बदलणारी, अर्थात पुढची चाकं ओढणारी. १९५९ साली इंग्लंडात मिनी आली, इंजिन आडवं ठेवून, तेव्हापासून छोट्या गाड्या हळूहळू सगळ्या याच पंथाला लागल्या. मधून दांडा जात नाही, माणसांना पाय ठेवायला जागा मिळते.

सकाळी सातला निघालो. अरादपर्यंत ती छान चालवत होती, फक्त गाणी मोठ्याने. घाटाच्या तोंडाशी मी गाणी बंद करायला लावली आणि गिअरची दांडी "डी"वरून "एल"वर आणायला सांगितली. इंजिनाचा आवाज चढला तशी ती म्हणाली, "सावता, गाडी ओरडते आहे." मी म्हटलं, "ओरडू दे. ब्रेक गप्प बसलेत ना?"

पहिली चार-पाच वळणं ठीक गेली. मग तिला हुरूप आला. म्हणाली, "व्हिडिओत दाखवतात, पुढची चाकं ओढणारी गाडी वळणात गॅस दिला की आत ओढून घेते." मी म्हटलं, "ते बंद मैदानात, कोरड्या रस्त्यावर. आणि तेसुद्धा वळण सुटताना." तिला हे पटलं नाही. पुढे एक उजवं वळण आलं, दिसायला सोपं, आत गेल्यावर आवळत जाणारं. असली वळणं दिसायला साळसूद असतात. ती ७० ने आली. मी अशा ठिकाणी ५० च्या वर जात नाही. ५० चे ७० म्हणजे माणसाला वाटतं थोडंच वाढलं, पण गाडीला बाहेर फेकणारी ओढ जवळजवळ दुप्पट होते.

टायर कुरकुरले. नाक मधल्या पांढऱ्या रेषेकडे सरकू लागलं. आपण इथे उजवीकडून चालवतो, त्यामुळे खाली उतरताना डाव्या वळणात घसरलात तर कठड्यावर जाता, पण उजव्या वळणात घसरलात तर समोरून येणाऱ्याच्या अंगावर. समोरून ट्रक चढत होता. अजून लांब होता, पण होता. नातीचे डोळे त्या ट्रकवर खिळले, आणि हात जिथे डोळे तिथे गाडी नेऊ लागले. हे सगळ्यांचंच होतं. माणूस ज्याला भितो त्याच्याकडे बघतो.

मी ओरडले नाही. तोंडातून तीच वाक्यं आली, मराठीत. तिला मराठी येतं ते जेवणाखाण्यापुरतं. पण "हळू" तिला कळतं, लहानपणापासून गरम आमटीच्या वेळी ऐकलेलं आहे. "हळू. गॅस हळू सोड. माझ्याकडच्या कडेला बघ, पुढे, वळण जिथे संपतंय तिथे." तिने पाय हळू उचलला. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकलं, म्हणजे यंत्रानेही हात लावला. गाडी आपल्या पट्ट्यात परत आली. ट्रक गेला, ड्रायव्हरने हात हलवला, नमस्कार म्हणून की शिवी म्हणून ते कळलं नाही.

मेट्सद झोहरच्या खुणेपाशी थांबायला जागा आहे. खाली दरीत रोमन-बायझंटाइन काळातली छोटी चौकी दिसते, उंटांच्या तांड्यांच्या वाटेवर राखण करणारी. तिथे आम्ही उभ्या राहिलो. ती थरथरत होती. मी पाणी दिलं. तिने विचारलं, "ते पिवळं दिवेवालं यंत्र होतं म्हणून वाचलो का?" मी जे खरं ते सांगितलं. ते यंत्र एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरतं, चांगलंच आहे, माझ्या वेळी असतं तर सासूबाई शांत झोपल्या असत्या. पण ते नवीन पकड तयार करत नाही, जेवढी शिल्लक असेल तेवढीच वाटून देतं. शिल्लक ठेवणं आपलं काम.

मग ती म्हणाली, "आता तू चालव." मला मोह झाला, खोटं का बोलू. शेवटची दहा-बारा वळणं, सकाळचं ऊन, खाली पाणी चमकत होतं. कदाचित पुन्हा हा रस्ता हाताला लागणारही नव्हता. पण मी किल्ली घेतली नाही. म्हटलं, "खालपर्यंत तूच ने."

खाली झोहर चौकात डावीकडे वळून एन बोकेकला गेलो. पाण्यात तरंगलो, चहा प्यायलो. तिथलं पाणी म्हणजे खरं तर कारखान्यासाठी भरलेली मिठागरं, मूळ समुद्र उत्तरेला आहे आणि वर्षाला मीटरभराहून जास्त खाली जातो आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

परतीला चढ. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, म्हणून आवळ वळणात गॅस हळूच द्यावा, नाहीतर चाकं नुसती फिरतात. नातीने ते न सांगता केलं.

घरी मुलाने दारातच विचारलं, "कशी चालवली तिने?" मी म्हटलं, "चांगली चालवली. उद्या तिच्या गाडीचे मागचे दोन टायर बदल." तो म्हणाला, "आई, ओढतात पुढची चाकं, झिजतात पुढचे टायर, मग नवे पुढेच घालायला नकोत का?" गॅरेजवाल्यानेही त्याला तेच सांगितलं होतं. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि शेपूट घसरली की काय होतं ते पहिल्यापासून सांगितलं. चांगले टायर मागे, जुने पण ठीक असलेले पुढे, आणि पुढचे फारच झिजले असतील तर चारही नवे. पावसाच्या आत, म्हणजे सुक्कोथपूर्वी. त्याने चारही घातले.